दापोडीचं दार

चाकणच्या कंपनीत लागून मला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. "मॅडम, मेंटेनन्समधून मामा बोलतोय." मेंटेनन्सवाल्यांचा फोन आला म्हणजे काहीतरी बंद पडलं, एवढं तर परभणीच्या डिप्लोमा कॉलेजातही कळलं होतं. मी म्हटलं, "बोला मामा, काय झालं?"

"तुमचं टेस्टिंग मशीन व्यवस्थित चालू आहे."

"बरं. मग?"

"मग काही नाही. ठेवतो."

आणि खरंच ठेवला. मी फोन कानाला लावून तशीच बसले. शेजारच्या टेबलावरचा पोरगा तोंड दाबून हसत होता. म्हणाला, "आला का मामांचा फोन? झालीस मग तू पर्मनंट."

मी तशी भडक डोक्याची आहे. सरळ उठून मेंटेनन्समध्ये गेले. मामा म्हणजे काटकुळा माणूस, रिटायरमेंटला टेकलेला. शर्टाच्या एका खिशात टेस्टर, त्याच्या टोकाला पेनाचं टोपण, म्हणजे खिसा फाटू नये. दुसऱ्या खिशात फुटाणे. मी म्हटलं, "मामा, काही झालं नसताना फोन कशाला करता? जीव गेला ना माझा." त्यांनी शांतपणे माझ्या हातावर फुटाणे ठेवले आणि म्हणाले, "बिघडलं की सगळेच बोंबलतात मॅडम. बरं चाललंय, हे कोण सांगणार?"

हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. बाकी तत्त्वज्ञान त्यांच्याकडे नव्हतं, आणि एवढं त्यांना पुरून उरत होतं. कॅन्टीनमध्ये आमटी जमली असेल त्या दिवशी ते ताट घेऊन आत जायचे आणि आचाऱ्याला सांगायचे, "आज बरोबर झाली." न सांगता निघाले की आचारी कपाळावर आठ्या घालून बाहेर यायचा आणि आम्हाला विचारायचा, मीठ जास्त झालं का रे? एकदा ते दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि रांगेत बसून, नंबर आल्यावर, "तुम्ही भरलेली दाढ अजिबात दुखत नाही," एवढं सांगून परत आले. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटला तोंड उघडा म्हणायचंच विसरल्या, असं मामा सांगायचे. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

प्लँट हेडसाहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांच्या मुलीच्या साखरपुड्यात, अंगठी बोटात जाता जाता, साहेबांचा फोन वाजला. "साहेब, कॉम्प्रेसर उत्तम चाललाय." साहेबांना वाटलं, मामा टोमणा मारतायत. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून त्यांनी मामांना चांगलंच झापलं. मामा बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे मुद्दाम तिथंच घुटमळत होतो. "काय म्हणाले साहेब?" तर म्हणे, "आवाज खणखणीत आहे. तब्येत चांगली आहे साहेबांची."

पुढं कंपनीत मशीनवर सेन्सर बसले. मशीन बिघडलं की आपोआप मोबाइलवर मेसेज यायचा. मामांना ते फार आवडलं, पण अर्धंच आवडलं. म्हणाले, "हे तर नुसतंच रडकं पोर झालं." मग त्यांनी कुठंतरी सेटिंगमध्ये हात घातला, आणि एका सकाळी शिफ्ट सुरू होताना प्रत्येक मशीननं प्रत्येक साहेबाला मेसेज पाठवला : मी बरा आहे. प्रेसनं पाठवला, कन्व्हेयरनं पाठवला, पाण्याच्या मोटरनंसुद्धा पाठवला. साहेब लोकांची मीटिंग चालू होती, टेबलावरचे सगळे मोबाइल एकदम थरथरायला लागले. प्लँट हेडचा तर बंदच पडला. आयटीवाल्यांनी मामांचा पासवर्ड काढून घेतला. मामा दोन दिवस फुटाणे न खाता फिरले, म्हणजे माणूस किती दुखावला असेल बघा.

पासवर्ड गेला म्हणून डोकं थोडंच जातं? ते डोकं मग दापोडीला वळलं.

दापोडीला रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत मामांची आई राहायची. एकटी. अख्खी गल्ली तिला आजी म्हणायची, म्हणून मीही. मामांचे वडील कारखान्यात होते, त्यांनी घेतलेलं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचा फोटो, आणि दाराला लागून आजीची फळी. त्या फळीवर बसून आजी तांदूळ निवडायची, पोराटोरांना ओरडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "जेवलास का रं?" मामांनी लग्न केलेलं नव्हतं. ते चाकणलाच खोली घेऊन राहायचे, कारण आजीनंच त्यांना हाकललं होतं. "रोज त्या ट्रॅफिकची धूळ खात येतोस आन हितं येऊन खोकतोस. तिकडंच ऱ्हा. रविवारी तोंड दाखव." मामांची धाकटी बहीण, ताई, बँकेत होती आणि पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर राहायची. ताईंचं म्हणणं एकच होतं : आईनं आता माझ्याकडं यावं.

त्यात आजी मोरीत घसरून पडली. फार लागलं नाही, पण बराच वेळ उठता आलं नाही. ताईंनी निकाल लावला. "दादा, आता पुरे. मी तिला घेऊन जाते." आजी म्हणाली, "मला न्यायचं तर चौघांनी न्यायचं." ताई रडायला लागल्या. शेवटी मामा मध्ये पडले आणि तह झाला. घरात मामा यंत्र बसवणार, आईचं सगळं ठीक आहे हे यंत्र दोघांनाही कळवणार. पण एकदा जरी घोळ झाला, एकदाच, तर आजीनं मुकाट्यानं अकराव्या मजल्यावर जायचं. आजीनं हो म्हटलं, कारण दुसरा इलाजच नव्हता. मामांची झोप उडाली. त्यांना ठाऊक होतं, आईला त्या फ्लॅटमध्ये नेलं तर ती वर्षभरही टिकायची नाही. हे एकदाच ते माझ्यापाशी बोलले, आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकले, कारण वाईट बातमी सांगायची त्यांना सवयच नव्हती.

पहिलं यंत्र त्यांनी बाजारातून आणलं. दाराच्या चौकटीला एक तुकडा, दाराला एक. दार उघडं राहिलं की मोबाइलवर मेसेज. बसवलं सोमवारी सकाळी, आणि मामा चाकणला पोचेपर्यंत त्यांच्या आणि ताईंच्या मोबाइलवर मेसेजांचा पाऊस : सावधान, दार उघडं आहे. सावधान, दार उघडं आहे. ताई बँकेतून तशाच उठून, स्कूटर काढून, धापा टाकत दापोडीला. बघतात तर काय, आजी फळीवर बसून लसूण सोलतेय.

"आई, दार का उघडं ठेवलंस?"

"दिस हाय की अजून," आजी म्हणाली. "दिसाउजेडी दार लावाय कुणी मेलंय का घरात?"

बरोबरच होतं तिचं. त्या गल्लीत पहाटे उघडलेलं दार दिवेलागणीनंतरच लागतं. भरदिवसा दार बंद दिसलं की शेजारीण येऊन कडी वाजवणार, काय गं, बरं नाही का? यंत्र बनवणाऱ्यांना वाटलं, बंद दार म्हणजे सुखी घर. कुठल्या देशात बनलं होतं कोण जाणे. हा घोळ यंत्राचा म्हणून ताईंनी सोडून दिला.

मामा मात्र खूश झाले. म्हणाले, "मॅडम, यंत्र उलटं आहे. आपण सुलटं करू." त्यांनी एक छोटं सर्किट घेऊन स्वतःच सगळं जुळवलं आणि मेसेजही स्वतः लिहिले. सकाळी आजीनं दार उघडलं की : 'दार उघडलं. दिवस सुरू.' ओट्याशी हालचाल झाली की : 'चहा झाला असावा.' रात्री दार लागलं की : 'दार लागलं. सगळं बरं.' आणि अंधार पडायच्या आत दार लागलं तरच : 'भरदिवसा दार लागलं. बघा.' चाचणीसाठी त्यांनी ग्रुपमध्ये मलाही घेतलं. चाचणी संपली, मला काढायचं विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

मी चाकणशेजारी निघोज्यात एका शेतकऱ्याच्या चाळीत खोली घेऊन एकटी राहायचे. खरं सांगते, सुरुवातीला त्या मेसेजांचा वैताग यायचा. कोण कुठली आजी, तिनं चहा केला तर मला काय त्याचं? पण महिन्याभरात अशी गत झाली की 'दार उघडलं. दिवस सुरू.' आल्याशिवाय मला अंथरुणातून उठवत नव्हतं. मामा म्हणायचे ते उगाच नाही. बऱ्या बातमीचीही चटक लागते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, मेसेज आला : 'भरदिवसा दार लागलं. बघा.'

मी मामांकडं बघितलं. घास तसाच हातात. आजीच्या साध्या मोबाइलवर फोन लावला, वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, तेच. शेजारीण कामावर गेलेली. मामा ताट तसंच ठेवून उठले आणि गेटकडं चालायला लागले, गेटपास नाही, काही नाही. मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं, माझी स्कूटी काढली आणि मामांना मागं बसवलं.

चाकणहून दापोडी म्हणजे दुपारीसुद्धा परीक्षाच. कंटेनरच्या रांगा, मोशीला खोदलेलं, भोसरीला तुंबलेलं. आणि मागं हा माणूस! माझे खांदे गच्च धरलेले आणि तोंड चालू. "ब्रेक चांगले आहेत मॅडम तुमच्या गाडीचे. हॉर्न उत्तम. आरसा नीट बसवलाय." मी एकदा चिडून ओरडले, "मामा, गप बसा हो!" तर गप बसले, आणि ते गप बसणं जास्त भयंकर होतं. मीच मग म्हटलं, "मागच्या चाकात हवा कशी आहे मामा?" म्हणाले, "एकदम बरोबर." आवाज रडका होता.

आम्ही पोचलो तेव्हा ताई दारात उभ्या होत्या. दाराला बाहेरून कुलूप, आत मोबाइल वाजतोय, आणि आजीचा पत्ता नाही. गल्लीतल्या बायका जमलेल्या, पण जाताना कुणी पाहिलेलं नाही. ताईंचे डोळे सुजलेले, नाक लाल, अंगात कणकण. "दादा, मी सांगत होते," एवढंच त्या पुनःपुन्हा म्हणत होत्या. मध्येच त्यांचा मोबाइल टणटणला. त्यांनी बघितलं न बघितलं, बोट आपटलं आणि म्हणाल्या, "हा एक वेडा सोसायटीचा वॉचमन! इथं माझी आई हरवलीय आणि ह्याचं मघापासून डबेवाला आलाय, सोडू का, डबेवाला आलाय, सोडू का. नको म्हटलं दोनदा, तरी तेच!"

आता दुसरा कुणी माणूस असता तर त्या वेळी असल्या गोष्टीकडं लक्ष दिलं नसतं. पण मामा आलेला कुठलाही मेसेज अर्धा सोडत नाहीत. "दाखव," म्हणाले. त्या सोसायटीत गेटवर कुणी आलं की वॉचमन मोबाइलवर फोटो काढून वर पाठवतो, घरातल्यानं हो म्हटलं की आत सोडायचं, अशी पद्धत. हातात डबा दिसला की बटण डबेवाल्याचंच. मामांनी फोटो मोठा केला. माणूस दिसतच नव्हता. नुसती हिरव्या लुगड्याची कड आणि फडक्यात बांधलेला उभा स्टीलचा डबा, झाकणावर लाल रंगाचा ठिपका.

"हा माझा डबा आहे," मामा म्हणाले. "कंपनीतला, रविवारी आईकडं राहिलेला. ठिपका मीच दिलाय."

ताईंनी फोटो बघितला, आईचं लुगडं ओळखलं आणि आजीच्या फळीवर बसल्या.

पिंपळे सौदागरच्या त्या गेटवर आम्ही पोचलो, तेव्हा आजी वॉचमनच्या खुर्चीत बसलेली होती आणि वॉचमन पायरीवर बसून भाकरी आणि सुकट खात होता. नांदेडकडचा पोरगा. आम्हाला बघून घाईघाईनं उठायला लागला, तर आजी म्हणाली, "बस रं. पानावरनं उठू नये." मग ताईंकडं वळून म्हणाली, "तुझ्यासाठी आणलं हुतं. तू न्हाई न्हाई म्हणालीस, मग याला वाढलं. अजून हाय डब्यात."

"आई, दार का लावलंस?" ताईंना दुसरं काही सुचेचना.

"घराभायेर पडताना दार लावत्यात, बाई."

मला हसू फुटलं. मामांनाही फुटलं. हसता हसता ते तिथल्याच कट्ट्यावर टेकले आणि डब्याच्या फडक्याच्या टोकानं डोळे पुसायला लागले. ताई मात्र हसल्या नाहीत. वर गेल्यावर त्या म्हणाल्या, "आई, ठरलं होतं ना आपलं? एकदाच घोळ. झाला. आता तू इथंच राहायचंस." मामा खाली मान घालून उभे राहिले. तह त्यांनीच केला होता, मोडणार कोणत्या तोंडानं?

आजीनं बसल्या जागेवरून त्या घराकडं नजर फिरवली. छान घर होतं, खोटं कशाला बोलू. मागं दार आपोआप लागलं, टक्. आजी त्या आवाजाकडं बघत राहिली.

"फोनवर तुझा आवाज बसल्याला," ती ताईंना म्हणाली. "इचारलं तर म्हणतीस, बरी हाय. रविवारी आली न्हाईस. म्हटलं जाऊन बघावं. सांगितलं असतं तर तुमी येऊ दिलं नसतं. माझी चहाची खबर तुमाला पोचती. ह्या पोरीला पोचती, तिकडं लांब. तुजं मला कोण सांगतं? मी तुज्या दारात आले, तर तुजं दार नगं म्हणालं. पुन्यांदा नगं म्हणालं. आन तू म्हणतीस, हितं ऱ्हा."

आजीनं जवळ सरकून ताईंच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय," म्हणाली, आणि ताई लहान पोरीसारख्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. मग चार घास सुकट-भाकरी खाल्ली, सोसायटीत वास सुटेल याची पर्वा न करता.

मामा म्हणाले, "चूक माझी झाली. वायर एकाच बाजूनं ओढली."

आजी त्या रात्री लेकीकडं राहिली, ताप उतरेपर्यंत राहिली, आणि मग ताईंनीच तिला स्कूटरवर बसवून दापोडीला नेऊन सोडलं. घोळ आईचा नव्हता, हे त्यांनी स्वतः मान्य केलं.

पुढच्या रविवारी मामा भंगारातून एक जुनी पॅनेलची पेटी घेऊन आले. कारखान्यात विजेच्या तीन फेजचे तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा, तसली. मलाही सोबत नेलं होतं, स्क्रू धरायला. ती पेटी त्यांनी आजीच्या फळीच्या वर, तिला बसल्या जागी दिसेल अशी ठोकली. ताईंच्या फ्लॅटच्या दाराला एक तुकडा, चाकणच्या खोलीच्या दाराला एक. संध्याकाळी ताई घरी पोचल्या की दापोडीत लाल दिवा लागणार, मामा पोचले की पिवळा. मेसेज नाही, मोबाइल नाही, वाचायचा चष्मा नाही. नुसता दिवा.

आजीला एकदम पसंत पडलं. त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही चहा घेत बसलो होतो, तेव्हा लाल दिवा लागला. "पोचली माजी बाय," आजी म्हणाली. पिवळा मामांनी हातानंच लावून दाखवला. आजी बघत राहिली, मग बोट दाखवून म्हणाली, "आन ह्यो?"

"तो निळा. तो रिकामाच आहे आई. पेटीत होता म्हणून राहिला."

"रिकामा कसा? कुणाचा हाय त्यो?"

"कुणाचा नाही."

"असं कसं कुणाचा न्हाई?" आजीला राग आला. "निळा दिवा हाय, चांगला हाय, आन इझवून ठिवायचा? दळभद्री दिसतंय ते. ह्या पोरीचा लाव."

मी म्हटलं, "अहो आजी, माझा कशाला?"

"तू कुठं ऱ्हातीस?"

"निघोज्याला."

"संग कोण हाय?"

"कुणी नाही."

"मग?" आजी म्हणाली, आणि चहाचा कप तोंडाला लावला. विषय संपला.

मामांनी माझ्या खोलीच्या दारावर तुकडा बसवला त्याला आता काही वर्षं झाली. मामा रिटायर झाले, दापोडीला परत गेले. कंपनीनं निरोप दिला तेव्हा भाषणात ते फक्त एवढं म्हणाले, "सगळं व्यवस्थित चालू होतं," आणि खाली बसले. मेंटेनन्सवाले आता बिघाड झाला तरच फोन करतात. दापोडीतला आपला पिवळा दिवा मामांनी काढू म्हटलं, तर आजीनं काढू दिला नाही. मामा भाजी घेऊन घरात शिरले की स्वतःच बटण दाबून तो लावतात, आणि आजी समोर बसलेली असूनही म्हणते, "आला बरं का."

माझं मात्र नुकसान झालं. पूर्वी सुटल्यावर मी चाकण चौकात मैत्रिणींबरोबर वडापाव खात रेंगाळायचे, कधी उगाच गाडी काढून देहूपर्यंत जाऊन यायचे. खोलीवर जायची घाई नसायची, तिथं कोण होतं? आता मैत्रिणी म्हणतात, बस ना थोडं, कुणी वाट बघतंय का तुझी? आणि मी हेल्मेट घालते. कारण निळा दिवा लागल्याशिवाय दापोडीचं दार लागत नाही, आणि थंडीच्या दिवसांत फळीवर फार वारं येतं.